ध्वनिफाइलींचे रूपांतर आणि तरंगचित्रे: कमांड लाइनवरील साधनांची साखळी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमांड लाइनवर साधनांची साखळी करणे म्हणजे नेमके काय?

एका प्रोग्रामने बाहेर सोडलेला मजकूर किंवा ध्वनी मध्ये कोणतीही फाइल न करता थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देणे, याला साखळी म्हणतात. दोन आज्ञांच्या मध्ये जी उभी रेघ घातली जाते तिला पाइप असे नाव आहे. ही कल्पना बेल लॅब्जमधील डग्लस मॅकिलरॉय यांची असून केन टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणली. ध्वनीच्या कामात तिचा उपयोग असा की, एक साधन एमपी३ उलगडते, दुसरे पातळी नीट करते, तिसरे नवी फाइल बांधते आणि चौथे त्याच ध्वनीचे तरंगचित्र, म्हणजे वेळेनुसार आवाज कसा चढतो-उतरतो याचे चित्र, काढते. या सर्वांच्या मध्ये शेकडो मेगाबाइटच्या तात्पुरत्या फाइली डिस्कवर साठत नाहीत.

या पानावरील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती सुरुवातीलाच सांगितलेली बरी. पाइपमधील प्रवाह फक्त पुढे जातो. फाइलमध्ये प्रोग्राम पुन्हा मागे जाऊन एखादा आकडा दुरुस्त करू शकतो किंवा शेवटाकडे डोकावून लांबी पाहू शकतो. पाइपमध्ये त्याला यांपैकी काहीच करता येत नाही. चुकीचा कालावधी, न उघडणारी एम४ए फाइल, अर्धवट चित्र अशा ज्या अडचणी वरवर निरनिराळ्या वाटतात, त्यांतील बऱ्याच याच एका मर्यादेतून निघतात.

या पानावरील आज्ञा कशा वाचाव्यात?

प्रोग्रामची आणि पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकायची आहेत. जेथे वेगळे सांगितलेले नाही तेथे लहान लिपीतील अक्षर समजावे, कारण लहान आणि मोठ्या लिपीतील एकाच अक्षराचे पर्याय भिन्न असू शकतात. फाइलच्या नावाच्या जागी एकटे वजाचिन्ह आले, तर त्याचा अर्थ ‘फाइल नव्हे, पाइप’ असा घ्यावा.

कोणकोणती साधने लागतात?

एफएफएमपेग हे पहिले. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज जवळजवळ प्रत्येक ध्वनिप्रकार वाचू शकतो. दुसरे सॉक्स, त्याचा आरंभ १९९१ चा आहे. सॅम्पल रेट (ध्वनीची सेकंदाला किती मोजमापे, म्हणजे सॅम्पल, घेतली जातात तो दर) बदलणे, शांतता छाटणे, पातळी बसवणे ही कामे ते फार नेमकेपणाने करते. एमपी३ बांधण्यासाठी लेम आहे. चित्रांसाठी बीबीसीच्या संशोधन विभागाने तयार केलेले ऑडिओवेव्हफॉर्म आणि आलेख काढणारे नूप्लॉट ही दोन साधने उपयोगी पडतात, शिवाय एफएफएमपेगमध्ये चित्र काढणारा स्वतःचा फिल्टर आहेच.

उबुंटू किंवा डेबियनवर ‘एपीटी’ने आणि मॅकवर होमब्रूने यांतील बहुतेक साधने बसवता येतात. डेबियन कुळातील प्रणालींवर सॉक्स बसवल्यावरही ते एमपी३ फाइल नाकारते, अशी तक्रार वारंवार येते. तेथे निरनिराळ्या प्रकारांचा आधार स्वतंत्र पॅकेजांमध्ये ठेवलेला असतो, त्यामुळे सॉक्सबरोबर ‘लिबसॉक्स-एफएमटी-ऑल’ हे पॅकेजही बसवावे लागते.

सर्व काही एकटे एफएफएमपेग करत असेल, तर साखळी हवीच कशाला?

पुष्कळदा नकोच असते. एका एमपी३चे एफएलएसी (दर्जा न गमावता आकार कमी करणारा प्रकार) किंवा ओपसमध्ये रूपांतर आणि त्याबरोबर एक चित्र, एवढेच काम असेल तर एफएफएमपेगच्या एकाच आज्ञेत दोन आउटपुट फाइली मागता येतात, आणि तोच मार्ग अधिक सुरक्षित आहे. एखाद्या टप्प्याचे काम दुसरे साधन खरोखर चांगले करत असेल तेव्हाच साखळीकडे वळावे. सॉक्सचे सॅम्पल रेट बदलण्याचे काम आणि त्यातील डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली सूक्ष्म खरखर) यांवर बारीक नियंत्रण हवे असेल, वेब प्लेअरसाठी ऑडिओवेव्हफॉर्मची शिखरांची डेटा फाइल हवी असेल, किंवा नूप्लॉटमध्ये स्वतःच्या मनासारखा आलेख काढायचा असेल, तर साखळीचे श्रम सार्थकी लागतात. केवळ साखळी लांब दिसावी म्हणून एकेक साधन जोडत जाण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक जोडणीगणिक ध्वनीबद्दलची काही ना काही माहिती मागे राहते.

सर्वांत साधी साखळी कशी दिसते?

समजा, एखाद्या ज्येष्ठ कीर्तनकाराची मुलाखत फोनवर ध्वनिमुद्रित केली आहे आणि तिची आटोपशीर एमपी३ प्रत हवी आहे. आज्ञा अशी होते:

एफएफएमपेग -आय मुलाखत.एफएलएसी -एफ डब्ल्यूएव्ही - | लेम -व्ही २ - मुलाखत.एमपी३

डावीकडे ‘-आय’नंतर मूळ फाइल, ‘-एफ’नंतर पाइपमधून जाणारा प्रकार आणि मग पाइपचे वजाचिन्ह. उजवीकडे लेमच्या ‘-व्ही’ पर्यायातील अक्षर मोठ्या लिपीतले आहे. २ हा आकडा दर्जाचा आहे आणि संगीतासाठी त्यातून सरासरी सेकंदाला सुमारे १९० किलोबिट दराची फाइल तयार होते. निव्वळ बोलण्यासाठी एवढा दर लागत नाही. एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो, ध्वनी करून ५ किंवा ६ हा आकडा दिला तरी भाषण स्वच्छ ऐकू येते.

येथे ‘-एफ’ हा पर्याय गाळून चालत नाही. फाइल लिहिताना एफएफएमपेग नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून प्रकार ओळखते. पाइपला नावच नसल्याने प्रकार आपणच सांगावा लागतो.

पाइपमधून वेव्ह प्रकार पाठवावा की कच्चा ध्वनी?

वेव्ह प्रकारात, म्हणजे वरच्या आज्ञेतील डब्ल्यूएव्हीमध्ये, सुरुवातीला एक शीर्षभाग असतो. नेहमीच्या मांडणीत तो ४४ बाइटचा असून त्यात सॅम्पल रेट, वाहिन्यांची संख्या, बिट आणि पुढे किती बाइट ध्वनी आहे ही लांबी लिहिलेली असते. फाइल लिहिताना प्रोग्राम आधी तेथे तात्पुरता आकडा टाकतो, सगळा ध्वनी लिहून झाला की मागे जाऊन खरा आकडा भरतो. पाइपमध्ये मागे जाता येत नसल्याने तो आकडा खोटाच राहतो. एफएफएमपेग अशा वेळी त्या जागी शक्य तेवढी सर्वांत मोठी संख्या लिहिते. सॉक्स मात्र लांबी चुकीची राहील असा इशारा पडद्यावर देते, आणि तो वाचून अनेक जण काम थांबवतात. तो इशारा खरा असला तरी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, कारण पुढचे साधन प्रवाह संपेपर्यंत वाचत राहते. पुढचे साधन सॉक्सच असेल तर त्याला ‘--इग्नोअर-लेंग्थ’ हा पर्याय देता येतो.

खरा धोका असा प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर साठवण्यात आहे. तशा वेव्ह फाइलीचा कालावधी प्लेअरमध्ये भलताच दिसतो. म्हणून साखळीतील शेवटच्या साधनाला नेहमी फाइलचे नाव द्यावे. त्याच्याकडून वजाचिन्हावर घेऊन शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, बाणाने (>) फाइलमध्ये ओतू नये. फाइल नावाने उघडली की त्या साधनाला मागे जाऊन लांबी दुरुस्त करता येते. लेमच्या बाबतीतही हेच लागू पडते: बदलत्या दराच्या एमपी३मध्ये कालावधीची नोंद सुरुवातीच्या फ्रेममध्ये (एमपी३ ज्या छोट्या तुकड्यांची बनते त्यांतील पहिल्या तुकड्यात) असते आणि ती भरण्यासाठी शेवटी मागे यावे लागते.

आणखी एक मर्यादा लांबीच्या त्या आकड्यातच आहे. तो ३२ बिटांचा असल्यामुळे वेव्ह फाइल ४ जीबीपलीकडे जाऊ शकत नाही. सीडीच्या दर्जाचा ध्वनी, म्हणजे ४४,१०० सॅम्पल, १६ बिट आणि दोन वाहिन्या, सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो. त्या हिशेबाने पावणेसात तास भरतात आणि सहसा अडचण येत नाही. पण कॅसेटी किंवा स्पूल ९६,००० सॅम्पल आणि २४ बिटांनी अंकीय करणाऱ्यांची हीच मर्यादा दोन तासांच्या थोडे पुढे गेल्यावर संपते, आणि रात्रभर चाललेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण सलग घेणाऱ्याला ती पहिल्या प्रहरातच गाठते. अशा कामासाठी आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ प्रकार घ्यावा.

कच्च्या ध्वनीला शीर्षभाग नसतो, त्यामुळे खोटी लांबीही नसते. मात्र सॅम्पल रेट, बिट, वाहिन्या आणि बाइटांचा क्रम हे सर्व दोन्ही बाजूंना हाताने सांगावे लागते. एका बाजूला ४८,००० आणि दुसऱ्या बाजूला ४४,१०० लिहिले गेले, तर कोणताही प्रोग्राम त्रुटी दाखवत नाही, फक्त गाणे संथ होते आणि सुमारे दीड अर्धस्वर (सेमीटोन) खाली उतरते. षड्जाचे स्थान महत्त्वाचे असलेल्या संगीतात ही चूक घातक आहे. म्हणूनच, कारण नसताना कच्चा ध्वनी पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही टोकांना सॉक्सच असेल तर ‘-पी’ हा पर्याय उत्तम. त्यातून सॉक्सचा स्वतःचा प्रकार जातो आणि माहिती हरवत नाही.

एम४ए फाइल पाइपमधून दिली की वाचली का जात नाही?

एम४ए आणि एमपी४ प्रकारांत कोणता ध्वनी कुठे आहे याची अनुक्रमणिका एका खंडात असते आणि पुष्कळ उपकरणे तो खंड फाइलच्या शेवटी लिहितात. पाइपमधून वाचणाऱ्याला शेवट आधी पाहता येत नाही, म्हणून तो थांबतो. मूळ फाइल नेहमी नावानेच उघडावी, हा त्यावरील उपाय आहे. उलट दिशेने, म्हणजे पाइपमध्ये एमपी४ लिहिताना, एफएफएमपेग सरळ नकार देते. तेथे खंडित एमपी४चे पर्याय द्यावे लागतात. ओग, एफएलएसी आणि एमपी३ हे प्रकार पाइपमधून वाचताना हा त्रास देत नाहीत.

व्हॉट्सॲपवरील व्हॉइस मेसेज आणि जुन्या फोनमधील एएमआर फाइली यांचे काय करावे?

व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ओग वेष्टनातील ओपस असतात. ओपस हे २०१२ मध्ये प्रमाणित झालेले कोडेक (ध्वनी बांधण्याची आणि उलगडण्याची पद्धत) असून ते उलगडताना ४८,००० सॅम्पलचा ध्वनी मिळतो. त्याला ४४,१०० मध्ये ओढण्याची गरज नाही. तोच दर पुढे ठेवावा. जुन्या फोनमधील एएमआर फाइली बहुधा ८,००० सॅम्पलच्या असतात आणि सॅम्पल रेट वाढवून त्यांतील आवाज सुधारत नाही, फाइल तेवढी फुगते.

ध्वनीचे चित्र काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता?

एफएफएमपेगमधील ‘शोवेव्ह्जपिक’ हा फिल्टर. ‘-फिल्टर_कॉम्प्लेक्स’नंतर अवतरणचिन्हांत फिल्टरचे नाव, बरोबरचे चिन्ह, ‘एस’ या पर्यायात चित्राची मापे, उदाहरणार्थ १२०० गुणिले ३००, मग ‘-फ्रेम्स:व्ही १’ आणि शेवटी पीएनजी फाइलचे नाव, एवढ्याने चित्र तयार होते. मापे न दिल्यास ते ६०० गुणिले २४० पिक्सेलचे निघते.

तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक असते, त्यामुळे तेच चित्र पांढऱ्या पानावर आणि गडद पानावर वेगळे भासते; रंग स्वतः निवडलेला बरा, कारण पहिल्या वाहिनीला आपोआप लाल रंग मिळतो. दोन वाहिन्या असतील तर त्या एकमेकींवर काढल्या जातात. त्या वेगळ्या हव्या असल्यास ‘स्प्लिट_चॅनल्स’ हा पर्याय १ ठेवावा, नको असल्यास आधी ध्वनी मोनो करून घ्यावा. तिसरी गोष्ट अशी की एका उभ्या रेघेत किती सॅम्पल बसवायचे हे एकूण लांबी कळल्याशिवाय ठरत नाही, म्हणून हा फिल्टर संपूर्ण ध्वनी हाती आल्यावरच रेखाटायला घेतो. तासाभराच्या सीडी-दर्जाच्या ध्वनीचा उलगडलेला आकार सुमारे ६३५ मेगाबाइट होतो. कमी मेमरीच्या संगणकावर भाषणाचे चित्र काढायचे असेल, तर आधी मोनो आणि ८,००० सॅम्पल करून घ्यावे. तोच तास मग ५८ मेगाबाइटच्या आत येतो आणि चित्रात डोळ्यांना फरक जाणवत नाही. संगीताच्या, विशेषतः झांजा-टाळांच्या ध्वनीत मात्र वरच्या कंप्रतेची शिखरे यामुळे गळतात.

तासाभराच्या मुलाखतीचे चित्र सलग ठोकळ्यासारखे का दिसते?

तासात १५,८७,६०,००० सॅम्पल असतात. १२०० पिक्सेल रुंदीच्या चित्रात त्यांतील १,३२,३०० सॅम्पल, म्हणजे पूर्ण ३ सेकंद, एका उभ्या रेघेत कोंबले जातात. बोलणाऱ्याचा श्वास आणि दोन वाक्यांमधील विराम ३ सेकंदांहून लहान असतो, त्यामुळे प्रत्येक रेघेत कुठले ना कुठले मोठे शिखर सापडते आणि सगळ्या रेघा जवळपास सारख्या उंचीच्या निघतात. चित्र खोटे नसते. त्या मोजपट्टीवर विराम दिसणे शक्यच नसते.

यावर चार उपाय आहेत. रुंदी वाढवावी, किंवा ध्वनी पाच-पाच मिनिटांच्या भागांत तोडून प्रत्येकाचे चित्र काढावे. दुसरे म्हणजे रेघेत शिखर घ्यायचे की सरासरी, हे ठरवावे: शोवेव्ह्जपिकमध्ये ‘फिल्टर’ नावाचा उपपर्याय असून तो न सांगता सरासरी घेतो, आणि ‘पीक’ म्हटल्यास शिखरे दाखवतो. लांब भाषणात सरासरीचे चित्र अधिक बोलके असते. ध्वनी कुठे फुटला आहे हे शोधायचे असेल तर मात्र शिखरेच पाहिली पाहिजेत, कारण एखाद्या क्षणाचा फुटका आवाज सरासरीत नाहीसा होतो. तिसरे, ‘स्केल’ या उपपर्यायात लॉगरिदमिक, वर्गमूळ किंवा घनमूळ मोजपट्टी निवडली की हळू आवाजाचे भाग उंचावतात. ख्यालाच्या विलंबित आलापाचा आरंभ साध्या मोजपट्टीवर सपाट रेषा वाटतो आणि वर्गमूळाच्या मोजपट्टीवर त्यात चढउतार दिसू लागतात. मात्र एकाच संग्रहातील दोन चित्रे दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवर कधीही काढू नयेत. पाहणारा त्यांची तुलना करणारच. चौथा उपाय पुढील प्रश्नात आहे.

ऑडिओवेव्हफॉर्म कधी वापरावे?

वेबपानावर असा प्लेअर हवा असेल की ज्यात श्रोत्याला चित्र लहानमोठे करता यावे आणि चित्रावर कुठेही टिचकी मारून तेथून ऐकता यावे, तेव्हा. हे साधन ध्वनीच्या ठरावीक लांबीच्या प्रत्येक तुकड्यातील सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे मूल्य काढून एका छोट्या डेटा फाइलमध्ये लिहिते. मुळात एका पिक्सेलला २५६ सॅम्पल धरलेले असतात. ४४,१०० च्या दराने आणि ८ बिटांनी तासाभराची डेटा फाइल सुमारे १२ लाख ४० हजार बाइट होते, म्हणजे मूळ ध्वनीच्या तुलनेत नगण्य. त्या फाइलीवरून पुढे हव्या त्या आकाराची चित्रे क्षणात निघतात, ध्वनी पुन्हा उलगडावा लागत नाही. मात्र डेटा ज्या बारकाव्याने काढला त्याहून अधिक बारकावा नंतर मिळत नाही. २५६ वरून ५१२ किंवा १०२४ करता येते, १२८ करता येत नाही.

हे साधन एमपी३, वेव्ह, एफएलएसी, ओग व्हॉर्बिस आणि ओपस वाचते. एम४ए किंवा एएमआर यांसाठी साखळी लागते. एफएफएमपेगने ‘-एफ डब्ल्यूएव्ही -’ असा प्रवाह सोडावा आणि उजवीकडे ऑडिओवेव्हफॉर्मला ‘--इनपुट-फॉरमॅट डब्ल्यूएव्ही’, ‘--आउटपुट-फॉरमॅट डीएटी’ आणि ‘-बी ८’ असे पर्याय द्यावेत. निघणारा डेटा शेलच्या बाणाने फाइलमध्ये घ्यावा. डीएटीऐवजी जेसन हा मजकूर स्वरूपातील डेटा प्रकारही मागता येतो. पण त्यातील संख्या -१ ते १ या पट्ट्यात बसवलेल्या नसतात, पूर्णांक असतात, हे वेब प्लेअर लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

नूप्लॉटने चित्र काढण्यात काही फायदा आहे का?

अक्ष, सेकंदांच्या खुणा आणि दोन ध्वनिमुद्रणे एकाखाली एक असा अभ्यासाचा आलेख हवा असेल तर आहे. सॉक्स ध्वनीला ‘डीएटी’ नावाच्या मजकूर प्रकारात लिहू शकते: पहिल्या स्तंभात वेळ, पुढच्या स्तंभांत प्रत्येक वाहिनीचे मूल्य. ऑडिओवेव्हफॉर्मच्या डीएटीशी याचा काही संबंध नाही, फक्त नाव सारखे आहे. या मजकुराच्या पहिल्या दोन ओळी अर्धविरामाने सुरू होतात आणि नूप्लॉट टिपणीसाठी वेगळे चिन्ह धरत असल्याने त्या ओळी आधी ‘ग्रेप’ या ओळी निवडणाऱ्या आज्ञेने गाळाव्यात. एका सेकंदाच्या ४४,१०० ओळी होतात, तेव्हा हा मार्ग काही सेकंदांच्या तुकड्यापुरताच ठेवावा. एखाद्या तबल्याच्या बोलाचा आघात किंवा एखाद्या शब्दाचा उच्चार तपासणे, हे त्याचे खरे क्षेत्र.

ध्वनी एकदाच उलगडून एमपी३ आणि चित्र दोन्ही मिळवता येतात का?

होय. ‘टी’ नावाची आज्ञा येणाऱ्या प्रवाहाच्या दोन प्रती करते. बॅश या प्रचलित शेलमध्ये तिच्यापुढे बाण आणि कंस यांची जोडी लिहून एक प्रत लेमकडे, तर पाइपमधून दुसरी ऑडिओवेव्हफॉर्मकडे पाठवता येते. या रचनेत एक बारकावा आहे: कंसातील आज्ञा संपण्याची वाट शेल पाहीलच असे नाही, त्यामुळे पुढच्याच ओळीत ती एमपी३ फाइल वापरली तर ती अर्धवट सापडू शकते. स्क्रिप्टमध्ये ही जोखीम घेण्यापेक्षा आधी एफएलएसी प्रत करून तिच्यावरून दोन स्वतंत्र आज्ञा चालवणे मला अधिक योग्य वाटते. एफएलएसी उलगडायला अगदी थोडा वेळ लागतो आणि एक टप्पा चुकला तरी दुसरा शाबूत राहतो.

शंभर फाइलींवर आज्ञा चालवली, तर पहिलीच फाइल होऊन काम का थांबते?

फाइलींच्या नावांची यादी पाइपने ‘व्हाइल रीड’ या आवर्तनाला (एकेक नाव घेऊन तीच आज्ञा पुन्हा चालवणाऱ्या लूपला) दिली आणि आत एफएफएमपेग चालवले की असे होते. एफएफएमपेग चालू असताना कळफलकावरील आज्ञा ऐकता याव्यात म्हणून मानक इनपुट वाचत असते. आवर्तनाच्या आत ते इनपुट म्हणजे आपली यादीच असल्यामुळे ती यादी एफएफएमपेग खाऊन टाकते, आणि कधीकधी पुढच्या नावाची पहिली काही अक्षरे गायब होऊन ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. एफएफएमपेगला ‘-नोएसटीडीइन’ हा पर्याय दिला की प्रश्न संपतो. आवर्तनात चालणाऱ्या प्रत्येक एफएफएमपेगला तो द्यावाच.

मोकळ्या जागा असलेली नावे हा दुसरा अडथळा आहे. नाव येईल तेथे ते दुहेरी अवतरणांत ठेवावे. फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ला ‘-प्रिंट०’ आणि ती नावे पुढच्या आज्ञेला देणाऱ्या ‘एक्सआर्ग्ज’ला ‘-०’ द्यावे, म्हणजे नावे मोकळ्या जागेवर न तुटता शून्य बाइटवर तुटतात. एक्सआर्ग्जच्या मोठ्या लिपीतील ‘-पी’ पर्यायाने एकाच वेळी चार-पाच फाइली हाती घेता येतात.

फाइलचे नाव मराठीत ठेवले तर चालते का?

चालते, आणि संग्रहाच्या दृष्टीने ते चांगलेही आहे. आजच्या लिनक्स आणि मॅकवर यूटीएफ-८ मुळे देवनागरी नावांना अडचण येत नाही. एक अपवाद मात्र मराठी लोकांनाच भेटतो. ‘वाऱ्यावर’, ‘किनाऱ्यावरची’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एकसंध ऱ, किंवा र आणि त्यापुढे नुक्ता. जुन्या मॅकवरील एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावे विघटित रूपात साठवत असे. तेथून लिनक्सवर आणलेल्या फाइलीचे नाव पडद्यावर तंतोतंत तेच दिसते, पण स्क्रिप्टमध्ये टंकलेल्या नावाशी त्याचे बाइट जुळत नाहीत आणि फाइल सापडत नाही. ‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन सगळी नावे एकाच रूपात आणून देते. संग्रह सुरू करतानाच हे एकदा करून घ्यावे.

साखळीतील पहिली आज्ञा फसली तरी शेल ‘यशस्वी’ का म्हणते?

कारण साखळीचा निकाल म्हणून शेल फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल धरते. एफएफएमपेग तुटक्या फाइलीवर मध्येच थांबले, तरी लेमला तोवर आलेला ध्वनी मिळालेला असतो. तो बांधून लेम समाधानाने बाहेर पडते आणि ४० मिनिटांच्या मुलाखतीची १२ मिनिटांची एमपी३ कोणाच्याही नकळत संग्रहात जाते. बॅश स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहिल्यास कोणताही दुवा फसला की संपूर्ण साखळी फसली असे मानले जाते. या पानावरून एकच ओळ उचलायची असेल, तर ती ही असावी.

रूपांतरानंतर आवाज फुटतो किंवा सॅम्पल रेट अचानक १,९२,००० दिसतो, असे का?

एमपी३ उलगडताना काही शिखरे पूर्ण पातळीच्या वर जाऊ शकतात आणि १६ बिटांत ती कापली जातात. सॉक्सला मोठ्या लिपीतील ‘-जी’ पर्याय दिल्यास ते कापले जाऊ नये म्हणून पातळी स्वतः उतरवते. दुसरी गोष्ट एफएफएमपेगच्या, पातळी बसवणाऱ्या ‘लाउडनॉर्म’ फिल्टरमुळे घडते: तो खरी शिखरे मोजण्यासाठी आतून दर १,९२,००० वर नेतो, आणि ‘-एआर’ देऊन आपला दर सांगितला नाही तर आउटपुटही त्याच दराचे राहते.

पातळी बसवण्यापूर्वी चित्र काढावे की नंतर, असेही विचारले जाते. श्रोत्याला जी फाइल ऐकवणार तिचेच चित्र दाखवावे. संग्रहाच्या मूळ प्रतीचे चित्र वेगळे काढून ठेवावे आणि मूळ प्रतीची पातळी मुळीच बदलू नये.

शांतता ओळखून फाइल आपोआप तोडता येते का?

मुलाखतीत येते, मैफलीत सहसा येत नाही. एफएफएमपेगचा ‘सायलेन्सडिटेक्ट’ फिल्टर उणे ६० डेसिबलखालील २ सेकंदांच्या भागाला शांतता मानतो. तानपुरा सतत वाजत असतो, त्यामुळे दोन रागांच्या मधल्या वेळेतही पातळी एवढी खाली येत नाही; कॅसेटवरील खरखरही तेच करते. आधी तरंगचित्र पाहून तानपुऱ्याची किंवा खरखरीची पट्टी किती उंच आहे ते ठरवावे, सीमा त्याच्या किंचित वर ठेवावी आणि तोडण्यापूर्वी निघालेल्या वेळांची यादी कानांनी तपासावी. आलापातील दीर्घ विराम आणि रागाचा शेवट यांतला फरक प्रोग्रामला कळत नाही, तो गाणे जाणणाऱ्यालाच कळतो.

एमपी३वरून पुन्हा एमपी३ केली तर दर्जा घटतो का?

घटतो, प्रत्येक वेळी. मूळ प्रत एफएलएसी किंवा वेव्हमध्ये ठेवावी आणि प्रत्येक नवी एमपी३ तिच्यावरूनच करावी. मूळच एमपी३ असेल तर ती तशीच जपावी. तिची एफएलएसी केल्याने गेलेले परत येत नाही. केवळ आरंभ-शेवट छाटायचा असेल तर एफएफएमपेगमध्ये ‘-सी कॉपी’ द्यावे, म्हणजे ध्वनी पुन्हा न बांधता फ्रेमच्या सीमेवर कापला जातो. एका फ्रेममध्ये ४४,१०० च्या दराने १,१५२ सॅम्पल असतात, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. तेवढा फरक छाटणीत गृहीत धरावा.

निघालेली फाइल आणि चित्र बरोबर आहेत हे कसे तपासावे?

मूळ आणि नव्या फाइलीचा कालावधी एफएफएमपेगबरोबर येणाऱ्या ‘एफएफप्रोब’ने काढून स्क्रिप्टमध्येच त्यांची तुलना करावी. एमपी३मध्ये बांधताना आणि उलगडताना आरंभी थोडी भर पडते, म्हणून एक दशांश सेकंदाची सूट ठेवावी. त्याहून अधिक फरक दिसला तर साखळी मध्ये तुटली असे समजावे. चित्राच्या बाबतीत उजवी कड पाहावी. ती लांबवर सपाट असेल, तर एक तर ध्वनीच्या शेवटी खरोखर शांतता आहे किंवा लांबीचा आकडा खोटा होता. दोन्हींतले कोणते, हे फाइलचा शेवटचा अर्धा मिनिट ऐकल्याशिवाय ठरवू नये.

विंडोजवर या साखळ्या चालतात का?

जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये साध्या साखळ्या चालतात. पॉवरशेलच्या ७.४ आधीच्या आवृत्त्यांमध्ये मात्र दोन बाह्य प्रोग्रामांमधील प्रवाह मजकूर समजून हाताळला जातो, त्यामुळे ध्वनीचे बाइट बिघडतात आणि ऐकू येते ती निव्वळ खरखर. नवी आवृत्ती घ्यावी, किंवा विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली बसवून तेथे बॅश वापरावे. ‘टी’ आणि कंसांची रचना व ‘पाइपफेल’ हवे असल्यास दुसरा पर्यायच सोयीचा आहे.